आवडीनिवडीचा रकाना

नर्सिंग होममध्ये माणूस ठेवायचं तर तीन पानी फॉर्म भरावा लागतो. पहिल्या पानावर नाव, वय, रक्तगट. दुसऱ्यावर आजार आणि औषधं. तिसऱ्या पानावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं, ‘रुग्णाच्या आवडीनिवडी’. त्याखाली दोन रकाने. डावीकडे ‘आवडतं’, उजवीकडे ‘आवडत नाही’. प्रत्येकाला आठ-आठ ओळी.

हा फॉर्म माझा असता तर मला पुरवणी जोडावी लागली असती. मला चहा उकळता लागतो आणि कपाचा कान शाबूत लागतो. पावाची कड मी खात नाही. मोजे घट्ट असले की माझं डोकं फिरतं. पेपर माझ्याआधी कुणी वाचून उलट्या घडीचा ठेवला, तर माझी अख्खी सकाळ नासते. पंखा दोनवर, उशी एकच आणि तीही चपटी. माझी बायको हे सगळं झोपेतसुद्धा घडाघडा म्हणून दाखवेल आणि वर चार गोष्टी पदरच्या घालेल.

पण फॉर्म ताईचा होता, माझ्या थोरल्या बहिणीचा. मी पेन उघडून बसलो आणि नुसता बसूनच राहिलो.

“ताईला काय आवडतं गं?” मी बायकोला विचारलं.

“त्यांना? त्यांना काहीही चालतं की.”

“चालतं नाही. रकाना आवडतंचा आहे.”

ती विचारात पडली. “तुमची बहीण आहे, तुम्हीच सांगा.”

“तू तिच्याबरोबर एका घरात छत्तीस वर्षं काढलीस.”

“आणि तुम्ही चौसष्ट,” ती म्हणाली.

मागे रांग होती, काउंटरवरच्या बाई पेनाने टेबल वाजवत होत्या. मी पहिल्या ओळीवर लिहिलं, ‘दूध’. रोज जेवणानंतर ताई पेलाभर दूध घ्यायची. बायकोच द्यायची, हाडांना बरं म्हणून. ताई तो पेला एका दमात, मध्ये श्वासही न घेता रिकामा करायची आणि लगेच विसळून पालथा घालायची. इतक्या आवडीने दूध पिणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही, असं मी पाहुण्यांना कौतुकाने सांगत असे. म्हणून ‘दूध’च्या पुढे मी ‘फार’ असंही लिहिलं. दुसऱ्या ओळीवर रेडिओ, कारण ती निवृत्त झाली तेव्हा मी तिला रेडिओ आणून दिला होता. तिसऱ्या ओळीवर खिडकीजवळची खाट, कारण तिथे तीच एक रिकामी होती. उजव्या रकान्यात वरपासून खालपर्यंत रेघ मारली आणि लिहिलं, ‘काही नाही’.

बाईंनी फॉर्म वाचला. “नावडतं काहीच नाही? वा! असे पेशंट मिळायला नशीब लागतं.”

मला अभिमान वाटला. लाज वाटायला हवी होती, पण ती अक्कल मला तेव्हा नव्हती.

आई गेली तेव्हा ताई बारा वर्षांची होती आणि मी पाच. आई सात महिने अंथरुणाला खिळून होती. त्यातलं मला एवढंच आठवतं : दार लोटलेली खोली, आणि ताई स्टोव्हपाशी उभी राहून दुधाच्या भांड्यावर नजर ठेवते आहे, ऊतू जाऊ नये म्हणून. दुधाचा वास आला की मला अजूनही आई आठवत नाही, ताई आठवते.

वडील गोदामावर पहारेकरी होते. तोंडाने कमी आणि डोळ्यांनी जास्त बोलणारे. ताटात पडेल ते खायचं, अंगाला येईल ते घालायचं, हा त्यांचा कायदा. कुणी ‘नको’ म्हटलं की ते ताट उचलून ठेवायचे आणि ते ताट दुसऱ्या दिवशी सकाळीच पुन्हा दिसायचं. मी शेंडेफळ, मला सगळं माफ होतं. मी ‘नको’ म्हणायचो, ओठ काढायचो, आणि माझ्यासाठी काहीतरी वेगळं यायचं. आणणारी अर्थात ताईच. ती स्वतः मात्र कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर द्यायची, ‘चालेल’. थंड चालेल, शिळं चालेल, फाटकं चालेल, उभं राहून चालेल.

सतराव्या वर्षी ती लाँड्रीत लागली. शहरातल्या दवाखान्यांच्या चादरी धुणारी मोठी लाँड्री होती ती, भोंगा असलेली. तिथे तिने एक्केचाळीस वर्षं काढली. मी शाळेत असताना मित्रांना ‘ताई दवाखान्याचं काम करते’ असं सांगायचो. ते नर्स समजायचे आणि मी समजू द्यायचो. पुढे मी वीज खात्यात कारकून झालो तेव्हाही हेच सांगायचो. ती तिथे नेमकं काय करते, हे मी तिला कधीच विचारलं नाही. चादरी धुतात तिथे काय करत असणार? संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा तिच्या बोटांची टोकं पांढरी पडलेली असायची आणि केसांना सोड्याचा वास यायचा. तो वास मला आवडत नसे. हे मी तिला सांगितलंही होतं. त्यानंतर ती आली की आधी डोकं धुवायची आणि मग स्वयंपाकाला लागायची.

तिच्या लग्नाचं एकदा निघालं होतं. त्या वर्षी माझी शाळेची शेवटची परीक्षा होती. वडील तिला म्हणाले, “वर्षभर थांबायला चालेल ना?” ती चालेल म्हणाली. समोरच्यांना चाललं नाही. माझं लग्न झालं, मुलं झाली, मुलांना खोली हवी झाली, तेव्हा तिची खाट स्वयंपाकघरामागच्या पॅसेजमध्ये गेली. “ताई, चालेल ना इथे?” मीच विचारलं होतं. मुलं मोठी झाली, आपापल्या घरी गेली, खोली रिकामी झाली. खाट पॅसेजमध्येच राहिली, कारण ती काही बोलली नाही आणि आमच्या ते डोक्यात आलं नाही.

मग एका सकाळी ती बेसिनपाशी कोसळली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. चौथ्या दिवशी दवाखान्यात मी तिला पाणी पाजत होतो तेव्हा ती स्पष्ट म्हणाली, “चालेल.” मी नाचायचाच बाकी होतो! धावत डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टरांनी विचारलं, “आजी, तुमचं नाव काय?”

“चालेल.”

“दुखतंय का कुठे?”

“चालेल.”

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “असं होतं कधीकधी. सगळी भाषा पुसली जाते आणि एखादा शब्द शिल्लक राहतो. बहुतेक वेळा जिभेवर सगळ्यात जास्त बसलेला. त्यांना त्यातून काय म्हणायचं असेल ते मात्र कळायला मार्ग नाही. ऐकू येतं, समजतंही बऱ्यापैकी.” शेजारच्या खाटेवरच्या बाईंना हसू फुटलं. खरं सांगतो, मीही हसलो. म्हटलं, बरं झालं, निदान कुरकुरीचा शब्द तरी शिल्लक नाही राहिला.

घरी तिला ठेवणं शक्य नव्हतं. बायकोचे गुडघे गेलेले, न्हाणीघर अरुंद. म्हणून नर्सिंग होम आणि म्हणून तो फॉर्म.

मी रोज दुपारी चार वाजता जायचो. वॉर्डात सहा खाटा. खिडकीजवळच्या खाटेवर ताई, उशाशी रेडिओ. तो मी गेल्या गेल्या मोठा करायचो. खाण्याचं तिथे फॉर्म बघून ठरवत. ताईच्या खाटेला चिठ्ठी अडकवली होती, ‘दूध आवडतं’. त्यामुळे सकाळी दुधात भिजवलेला पाव, दुपारी दुधात शिजवलेला मऊ भात, संध्याकाळी दुधात कालवलेली बिस्किटं. वॉर्डातल्या मावशी मायेच्या होत्या, मुद्दाम साखर जास्त घालायच्या.

“आजी, दूध देऊ?”

“चालेल,” ताई म्हणायची, आणि तोंड मिटून घ्यायची.

चमचा ओठांवर आपटायचा, दूध हनुवटीवरून गळ्यात ओघळायचं. कधी मावशी गाल दाबून चमचा आत सारायच्या, मग ताईला ठसका लागायचा आणि डोळे लाल व्हायचे. “हो म्हणतात आणि गिळत नाहीत,” सिस्टर वैतागून सांगायच्या. “गिळता येतंय, तपासलंय आम्ही. मुद्दाम करतात.”

आणखी एक खोड तिला लागली होती. चांगल्या डाव्या हाताने ती अंगावरच्या चादरीचा कोपरा चाचपून शोधायची, तो आत दुमडायची आणि अंगठ्याने त्याला घट्ट पीळ द्यायची. सकाळी, दुपारी, दिवसातून वीस वेळा. मावशी कोपरा सोडवून सरळ करायच्या, ती पुन्हा पिळायची. मीही सरळ करायचो. मला चुरगळलेली चादर दिसली की चैन पडत नाही, हे माझ्या यादीत राहून गेलं. “ताई, काय हा पोरखेळ?” मी म्हणायचो. एकदा तर मी तिच्या बोटांवर हलकी चापट मारली. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “चालेल.”

तीन आठवड्यांत ती निम्मी झाली. मनगटाचं हाड वर आलं, गालांत खड्डे पडले. छातीत घरघर सुरू झाली. नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी मला बोलावलं. “असं चाललं तर पंधरा दिवससुद्धा काढणार नाहीत. नाकातून नळी घालू आणि त्यातून दूध देऊ. सही करा.” मी सही केली. नळी घातल्यावर तिने ती दोनदा ओढून काढली. मग त्यांनी तिचा डावा हात पट्टीने खाटेच्या दांडीला बांधला.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा ताई छताकडे बघत होती. मोठ्या पिचकारीने सिस्टर नळीत दूध सोडत होत्या. चादर चारी कोपऱ्यांनी सरळ होती. मला ती चादर बघून बरं वाटलं, हे मी लपवणार नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘बुटकी’ आली. हा शब्द मी ताईच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकला होता, ‘बुटकीने हे केलं, बुटकी असं म्हणाली’, आणि अर्ध्या कानाने सोडून दिला होता. लाँड्रीतली तिची जोडीदारीण. मोठी चादर एकट्याने घडी होत नाही, दोघी लागतात, आणि या दोघींनी सव्वीस वर्षं एकमेकींकडे चालत येत चादरींच्या घड्या घातल्या होत्या. ताईचं कळायला तिला महिना लागला होता, कारण आम्ही कळवलंच नव्हतं. ती खरोखरच बुटकी होती, माझ्या खांद्याखाली, आणि आवाज मात्र भोंग्यावर मात करून बोलायची सवय असलेला.

“अगं ए नकोबाई!” ती दारातूनच ओरडली. “काय करून घेतलंस हे?”

मला वाटलं, तिची खाट चुकली. “कोण नकोबाई?”

“ही. तुम्ही धाकटे ना? आमच्यात हिला नकोबाईच म्हणायचे सगळे. मुकादमसुद्धा.”

“ताईला?” मी हसलो. “बाई, आमच्या ताईने आयुष्यात कधी कशाला नको म्हटलेलं नाही.”

“हिने?” बुटकीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच वेडा आहे. “घडी घालण्याआधीची तपासणी हिच्याकडे होती. धुतलेली चादर दिव्यासमोर धरायची आणि भोक, डाग, काहीही दिसलं की बाजूला. एका दिवसात एकदा दीडशे चादरी बाद केल्या होत्या. मालक स्वतः खाली आले, आरडाओरडा केला. ही म्हणाली, नको म्हणजे नको. यावर आजारी माणूस झोपणार आहे. तुम्ही झोपाल का?”

ताईच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी उशीवर उतरत होतं. बुटकी तिचा हात धरायला वाकली आणि तिला पट्टी दिसली. “हे काय?”

“नळी ओढते,” मी म्हणालो. “शिवाय दिवसभर चादरीचा कोपरा पिळत बसायची. सारखं सरळ करून करून मावशी कंटाळल्या होत्या.”

बुटकी हळू आवाजात म्हणाली, “कसा पिळायची? दाखवा.”

मी कोपरा आत दुमडून अंगठ्याने पीळ देऊन दाखवला. तिने स्टूल खाटेजवळ ओढलं.

“अहो, ही बाद चादरीची खूण आहे. आम्ही ‘कान पिळला’ म्हणायचो. यंत्रांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून हिनेच काढली होती. कान पिळलेला दिसला की पुढच्या बाईने चादर बाजूला टाकायची. चांगली असली तर कोपऱ्यावर दोनदा थापटायचं. एक्केचाळीस वर्षं दुसरं केलंय काय हिने? कान पिळायची तेव्हा काय चाललेलं असायचं इथे?”

उत्तर मला माहीत होतं. दूध चाललेलं असायचं. रेडिओ चाललेला असायचा. तीन आठवडे ताई दिवसातून वीसदा नको म्हणत होती, आणि मी तिचं ते नको माझ्या हाताने सरळ करत होतो, वर चापट मारत होतो. आणि शेवटी सही करून तो हातच बांधून टाकला होता.

पट्टीची गाठ मला सुटेना, बुटकीने दातांनी सोडवली. ताईच्या मनगटावर लाल वळ उठला होता. बुटकीने चादरीचा कोपरा तिच्या तळहाताखाली सरकवला आणि कानाशी तोंड नेऊन विचारलं, “दूध?”

ताईने कान पिळला. असा पिळला की बोटांची टोकं पांढरी पडली.

“दूध तिच्या डोक्यातच जायचं,” बुटकी माझ्याकडे न बघता म्हणाली. “लाँड्रीत कोरा चहा प्यायची, लिंबू पिळून. आईला सात महिने हिनेच चमच्याने दूध भरवलं ना? शेवटी शेवटी गिळवत नव्हतं, सगळं हिच्या हातावर परत यायचं. बाप म्हणायचा, भरव, नाहीतर मरेल ती. बारा वर्षांची पोर. भरवता भरवताच आई गेली, चमचा तोंडात असताना. तेव्हापासून दुधाचा वास आला की श्वास रोखून धरायची.”

एका दमात, मध्ये श्वासही न घेता. पाहुण्यांना मी काय सांगत होतो ते मला आठवलं.

त्या दुपारी मी ताईला, चौसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा, एकेक गोष्ट विचारली. रेडिओ? कान पिळला. बुटकी म्हणाली, भोंगा आणि यंत्रं ऐकून आलेल्या माणसाला घरी शांतता लागते, एवढंही कळू नये? गोड? पिळला. तेलाने डोकं चोळणं, जे मावशी रोज प्रेमाने करायच्या? पिळला. खिडकीजवळची खाट? ताईने कोपऱ्यावर दोनदा थापटलं. माझी एवढी एकच ओळ बरोबर निघाली आणि तीही जागा रिकामी होती म्हणून. मग मी नळीला बोट लावलं. “ही?” तिने कान पिळला आणि सोडलाच नाही.

डॉक्टर म्हणाले, नळी काढणं तुमच्या जबाबदारीवर. मी दुसरी सही केली. फॉर्म मागून घेतला, ‘दूध’ आणि ‘फार’ हे दोन शब्द खोडले आणि उजव्या रकान्यात मारलेल्या रेघेवरच लिहीत गेलो. आठ ओळी पुरल्या नाहीत. समासात लिहिलं, मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, “अहो, हे तेच पेशंट ना? एकदम एवढं?”

“तेच,” मी म्हणालो. “मी दुसरा आहे.”

त्या संध्याकाळी बुटकीने थर्मासमधून कोरा चहा आणला. पहिला चमचा ताईच्या ओठांशी नेला, ताईने वास घेतला आणि तोंड उघडलं. मी तिला असं तोंड उघडताना महिन्यात पाहिलं नव्हतं. चहात बुडवलेला पाव खाल्ला, कडेसकट. दुसऱ्या दिवशी मीठ घालून कुस्करलेला बटाटा खाल्ला. मी रोज चारऐवजी सकाळी दहालाच जाऊन बसू लागलो. बायकोने पॅसेजमधली खाट मुलांच्या रिकाम्या खोलीत हलवली, खिडकीपाशी, आणि मला म्हणाली, “त्यांना इकडे आणूया. गुडघ्यांचं बघू.” आम्ही दोघांनी तारीखसुद्धा ठरवली.

बुटकी एक दिवसाआड यायची आणि मला माझ्या बहिणीबद्दल सांगायची. इस्त्रीच्या रोलरमधून निघालेली गरम चादर थंडीत पोटाशी धरायला तिला आवडायचं. नव्या साबणाची वडी ती आठवडाभर वापरायची नाही, नुसती हुंगायची. लोक तिला ‘बिचारी’ म्हणाले की तिचं टाळकं सटकायचं. पगार झाला की एकटी जाऊन बागेतल्या बाकावर अर्धा तास बसायची आणि कुणी शेजारी बसायला आलं तर उठून दुसरा बाक शोधायची. मी ऐकत होतो आणि मनातल्या मनात मला रागही येत होता. हे सगळं तिने परक्या बाईला सांगितलं, मला का नाही? मग माझं मलाच उत्तर मिळायचं. बुटकीने विचारलं होतं.

नळी काढल्यानंतर सातव्या दिवशी ताप चढला. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून प्रकाशासमोर धरला. खालच्या बाजूला पांढरा डाग होता. “दूध फुप्फुसात उतरलंय,” ते म्हणाले. “जबरदस्तीने भरवताना ठसके लागले असतील, तेव्हाचं आहे हे. आधीपासून साचत आलंय. या वयात, या तब्येतीत...” मी त्या पांढऱ्या डागाकडे बघत राहिलो. कुणी त्याला माझं नाव दिलं नाही, पण तो माझ्याच अक्षरातला होता.

ताई त्यानंतर चार दिवस होती. तिसऱ्या दिवशी दुपारी जरा शुद्धीत आली. खिडकीतून ऊन तिच्या पायांवर आलं होतं. वॉर्ड जेवून पडला होता. तिने चार चमचे चहा घेतला, पाचव्याला कान पिळला. मी लगेच चमचा खाली ठेवला. तेवढं तरी मी शिकलो होतो.

एक प्रश्न राहिला होता. तो विचारू नये, हे मला कळत होतं. बायकोनेही बजावलं होतं, “नका विचारू, तुम्हाला झेपणार नाही.” पण मी शेंडेफळ, मला हवं ते मागायची सवय. मी चादरीचा कोपरा तिच्या हाताखाली नीट ठेवला. तो सरळ होता, तसाच राहू दिला.

“ताई,” मी म्हणालो, “आमच्याबरोबर राहिलीस एवढी वर्षं. माझ्यासाठी थांबलीस. तुला आवडलं का गं?”

ती माझ्याकडे बघत होती. मी तिच्या हाताकडे बघत होतो. बोटं कोपऱ्यापर्यंत गेली, त्याच्या शिवणीवरून एकदा फिरली आणि थांबली. पिळला नाही. थापटलंही नाही. मग तिने हात उचलला, माझ्या मनगटावर ठेवला आणि मला म्हणाली, “चालेल.”